सूर्याचा हिशेब ठेवणारे कॅरिंग्टन

प्रतिनिधी

उपग्रह, विमानसेवा, वीजवाहिन्या आणि दूरसंचार या सर्वांनाच आज सूर्यावरील वादळांची धास्ती असते. या वादळांचा पृथ्वीशी असलेला धागा प्रथम नजरेस आला तो १८५९ मध्ये, एका हौशी इंग्रज खगोलनिरीक्षकाच्या. रिचर्ड कॅरिंग्टन यांच्या विलक्षण आणि तितक्याच करुण आयुष्याचा हा मागोवा.

१ सप्टेंबर १८५९. गुरुवारचा दिवस. लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यात रेडहिल नावाचे एक गाव आहे. तेथील टेकडीवरच्या खासगी वेधशाळेत तेहतीस वर्षांचे रिचर्ड क्रिस्टोफर कॅरिंग्टन आपल्या रोजच्या कामात मग्न होते. दुर्बिणीतून येणारी सूर्याची प्रतिमा एका पडद्यावर पाडायची आणि तिच्यावरील काळ्या डागांची जागा मोजायची, हा त्यांचा गेल्या सहा वर्षांचा नेम होता. त्या दिवशी सूर्यबिंबावर डागांचा एक भलामोठा समूह आला होता. सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्या समूहावर अचानक शुभ्र, डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके उमटले.

कॅरिंग्टन यांना प्रथम वाटले, पडद्याला कुठेतरी भोक पडले असावे आणि त्यातून उन्हाचा कवडसा आत आला असावा. त्यांनी दुर्बीण किंचित हलवून पाहिली. प्रतिमेबरोबर ठिपकेही सरकले. म्हणजे प्रकाश सूर्यावरचाच होता. त्यांनी घड्याळात वेळ पाहिली आणि आणखी कोणी साक्षीदार मिळावा म्हणून ते धावत बाहेर गेले. मिनिटभरातच ते परतले, तेव्हा ठिपक्यांचे तेज ओसरू लागले होते. अकरा वाजून तेवीस मिनिटांनी शेवटची ठिणगीही विझली. तेवढ्या पाच मिनिटांत ते ठिपके सूर्यपृष्ठावर सुमारे ३५ हजार मैल सरकले होते. खालचे डाग मात्र होते तसेच राहिले. त्यावरून, हा प्रकार डागांच्या बराच वर घडला असावा, एवढेच अनुमान त्यांनी काढले.

सौरज्वालेची ही पहिली नोंद. त्या क्षणी मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते आणि मुंबईचाही या कथेशी संबंध यायचा होता. त्याकडे आपण पुढे वळू.

धर्मपीठाकडून दुर्बिणीकडे

कॅरिंग्टन यांचा जन्म २६ मे १८२६ रोजी लंडनमधील चेल्सी येथे झाला. वडिलांचा ब्रेंटफर्ड येथे बिअरचा मोठा कारखाना होता. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरची इच्छा होती. त्याच हेतूने १८४४ मध्ये त्यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात घालण्यात आले. तेथे प्राध्यापक जेम्स चॅलिस यांची खगोलशास्त्रावरील व्याख्याने त्यांच्या कानी पडली आणि धर्मपीठाचा विचार मागे पडला. वडिलांनीही मुलाच्या मार्गात आडकाठी आणली नाही. १८४८ मध्ये पदवी घेतल्यावर पुढच्याच वर्षी ते डरहॅम विद्यापीठाच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून रुजू झाले.

डरहॅम येथे त्यांना शिस्त मिळाली, परंतु मनाजोगती उपकरणे मिळाली नाहीत. अपुऱ्या साधनांवर आयुष्य घालवण्याची त्यांची तयारी नव्हती. १८५२ च्या मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि घरच्या पैशांतून रेडहिल येथे स्वतःचे घर व वेधशाळा उभी केली. उत्तर ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांची अचूक सूची करण्याचे काम त्यांनी तेथे हाती घेतले. ३,७३५ ताऱ्यांची ही सूची १८५७ मध्ये नौदल खात्याच्या खर्चाने छापली गेली आणि त्याबद्दल १८५९ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

तारे रात्रीचे, मग दिवस मोकळाच राहतो. या मोकळ्या दिवसाचा उपयोग करण्याचे त्यांनी ठरवले, त्यामागे एक ताजी घटना होती. जर्मनीतील हाइनरिश श्वाबे यांनी अनेक वर्षे डाग मोजून, त्यांची संख्या ठरावीक वर्षांनी वाढते व घटते, हे दाखवून दिले होते. पाठोपाठ १८५२ मध्ये एडवर्ड सॅबिन यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वातील चढउतारही याच चक्राशी जुळतात, असे मांडले. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. सुमारे अकरा वर्षांच्या एका संपूर्ण चक्रभर सूर्यावर पाळत ठेवायची, असा संकल्प कॅरिंग्टन यांनी सोडला. ९ नोव्हेंबर १८५३ पासून नोंदी सुरू झाल्या.

पडद्यावरचा सूर्य

त्यांची पद्धत साधी, पण कमालीची काटेकोर होती. दुर्बिणीत एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन तारा बसवलेल्या होत्या. दुर्बीण स्थिर ठेवली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्याची प्रतिमा पडद्यावरून हळूहळू सरकत जाते. सूर्याची कड आणि प्रत्येक डाग तारेला केव्हा शिवतो, त्या वेळा घड्याळावरून टिपायच्या आणि त्यावरून गणिताने डागाचे अक्षांश-रेखांश काढायचे. ढगाळ हवामानाच्या देशात हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मार्च १८६१ पर्यंत त्यांनी ९५४ डागसमूहांची ५,२९० निरीक्षणे घेतली.

त्यातून दोन मोठी सत्ये हाती आली. पहिले असे की, सूर्य एखाद्या घट्ट गोळ्यासारखा एकसंध फिरत नाही. विषुववृत्ताजवळचे डाग सुमारे पंचवीस दिवसांत एक फेरी पूर्ण करतात, तर ध्रुवांच्या बाजूचे डाग रेंगाळतात. म्हणजे सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो, तो घन नाही. दुसरे असे की, जुने चक्र संपत आले की डाग विषुववृत्ताजवळ दिसतात आणि नवे चक्र सुरू होताना ते बऱ्याच वरच्या अक्षांशांवर उगवतात. ही दोन्ही सत्ये आजही सौरभौतिकीच्या पायाशी आहेत. सूर्याच्या प्रदक्षिणा मोजण्यासाठी शास्त्रज्ञ आजही ९ नोव्हेंबर १८५३ हाच आरंभबिंदू धरतात. सरासरी २७.२७५३ दिवसांची एक, अशा या फेऱ्यांना कॅरिंग्टन यांचेच नाव आहे आणि २०२५ मध्ये त्यांच्या गणनेने २,३०० चा आकडा ओलांडला.

सतरा तासांनंतर

पुन्हा त्या सप्टेंबरकडे वळू. ज्वाला विझून साडेसतरा तास उलटले आणि २ सप्टेंबरच्या पहाटे पृथ्वीचे चुंबकत्व जणू ढवळून निघाले. एरवी ध्रुवीय प्रदेशातच दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. तारायंत्रांच्या वाहिन्यांत आपोआप वीज खेळू लागली. काही ठिकाणी यंत्रचालकांना झटके बसले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडमधील चालकांनी तर बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि केवळ आकाशातून आलेल्या या विजेवर एकमेकांना संदेश पाठवले.

सुदैवाने ज्वाला पाहणारे कॅरिंग्टन एकटे नव्हते. लंडनच्या हायगेट भागात रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या हौशी निरीक्षकानेही तोच प्रकाश स्वतंत्रपणे पाहिला होता. काही दिवसांनी कॅरिंग्टन क्यू येथील वेधशाळेत गेले. तेथे चुंबकसुईच्या हालचाली छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप उमटत असत. ज्वाला दिसली, नेमक्या त्याच वेळी कागदावरील रेषेला एक लहानसा झटका बसलेला होता आणि पुढच्या पहाटे तर रेषा कागदाबाहेरच गेली होती.

दुसऱ्या कोणी येथेच मोठा दावा ठोकला असता. कॅरिंग्टन यांनी ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सोसायटीच्या सभेत दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवल्या आणि एका प्रसंगावरून कार्यकारणभाव जोडण्याची घाई करू नये, असे स्वतःच बजावले. मोजले तेवढेच बोलायचे, हा त्यांचा स्वभाव होता.

आज त्या दोन रेषांचा अर्थ कळतो. ज्वालेतील क्ष-किरण आणि अतिनील किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीपर्यंत पोचतात आणि ऊर्ध्व वातावरणातील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. तेथील विद्युतप्रवाह वाढतो व सुईला पहिला हलका झटका बसतो. ज्वालेबरोबर सूर्याच्या प्रभावळीतून विद्युतभारित वायूचा प्रचंड लोट चुंबकक्षेत्रासह बाहेर फेकला जातो. त्याला पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर कापण्यास एरवी दोन-तीन दिवस लागतात. १८५९ चा लोट साडेसतरा तासांतच येऊन धडकला. खरे वादळ असते ते या लोटाचे.

कुलाब्याची नोंदवही

त्याच वेळी मुंबईतही कोणीतरी सुईकडे पाहत होते. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली ती १८२६ मध्ये. योगायोगाने कॅरिंग्टन यांचेही ते जन्मवर्ष. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. क्यूसारखी स्वयंचलित यंत्रे १८५९ मध्ये येथे नव्हती. कर्मचारी ठरावीक वेळी उपकरणात डोळा घालून आकडा वाचत आणि वहीत लिहीत. वादळ उठले की वाचनांमधील अंतर कमी केले जाई.

२ सप्टेंबरच्या सकाळी या निरीक्षकांनी लिहिलेले आकडे आज जगभर अभ्यासले जातात. क्यूची रेषा कागदाबाहेर गेली, परंतु कुलाब्याच्या वहीत वादळाचा उतार आणि चढ दोन्ही उतरले. मुंबईतील चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचे त्यावरून दिसते. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरुबक्षसिंग लखिना आणि शोभना अलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह २००३ मध्ये या जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एवढे मोठे वादळ पुन्हा आले तर काय होईल, या प्रश्नाला त्यामुळे एक मोजमाप मिळाले. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांना नऊ तास अंधारात ठेवणाऱ्या वादळाचा निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. एका ठिकाणची नोंद आणि जागतिक सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही, हे खरे; तरीही १८५९ च्या तडाख्याचा अंदाज यावरून येतो.

तुटलेला संकल्प

पडद्यावर तो प्रकाश उमटला तेव्हा कॅरिंग्टन यांच्या आयुष्याला उतरती कळा लागलेली होती. जुलै १८५८ मध्ये वडील वारले आणि बिअरच्या कारखान्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. ज्या धंद्याने वेधशाळा उभी केली, तोच धंदा आता तिचा वेळ खाऊ लागला. एखाद्या संस्थेत पद मिळाले तर हे ओझे उतरवता आले असते. १८६१ मध्ये केंब्रिजच्या वेधशाळेचे संचालकपद रिकामे झाले, तेव्हा त्यांनी त्याची आस धरली. ते पद जॉन काउच ॲडम्स यांच्याकडे गेले. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला.

त्याच वर्षी मार्चमध्ये नोंदवही बंद झाली आणि रेडहिलचे घर विकले गेले. अकरा वर्षांचा संकल्प साडेसात वर्षांतच थांबला. हाती होते तेवढे १८६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्याला फ्रेंच विज्ञान अकादमीचा लालांद पुरस्कार मिळाला. परंतु १८६५ मध्ये त्यांना गंभीर आजाराने गाठले. प्रकृती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. त्यांनी कारखाना विकला आणि सरेमधीलच चर्ट या निर्जन भागात एका सुळक्यासारख्या टेकडीवर नवे घर व वेधशाळा बांधली. तेथून नाव घेण्याजोगे काम मात्र झाले नाही.

१८६९ मध्ये त्यांनी रोझा जेफ्रीज या तरुणीशी विवाह केला. विल्यम रॉडवे नावाचा इसम स्वतःला तिचा भाऊ म्हणवत असे. प्रत्यक्षात त्या दोघांचे पूर्वीचे संबंध निराळे होते. १८७१ मध्ये याच माणसाने चर्टच्या घरी येऊन रोझा यांच्यावर सुरीने हल्ला केला. त्या बचावल्या, हल्लेखोराला दीर्घ शिक्षा झाली; पण खटल्यात निघालेल्या गोष्टींची चर्चा वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाली. मानी स्वभावाच्या कॅरिंग्टन यांना हे सोसणे जड गेले असणार.

१७ नोव्हेंबर १८७५ रोजी रोझा अंथरुणात मृतावस्थेत आढळल्या. झोपेसाठी त्या क्लोरल हे औषध घेत असत. चौकशीत पतीने शुश्रूषेची पुरेशी व्यवस्था ठेवली नाही, असा ठपका ठेवला गेला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, कॅरिंग्टनही आपल्या घरात मरण पावलेले सापडले. डाव्या कानावर चहाच्या पानांचे पोटीस बांधलेले होते. वेदना शमवण्याचा तो एकाकी प्रयत्न असावा. मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू ओढवल्याचे निष्पन्न झाले. त्यांचे वय ४९ वर्षांचे होते. मृत्युपत्रात त्यांनी सोसायटीसाठी दोन हजार पौंड ठेवले होते.

उशिरा पटलेली साक्ष

त्यांनी शेजारी शेजारी ठेवलेल्या त्या दोन घटनांचा संबंध मान्य होण्यास पुढे अर्धे शतक जावे लागले. १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या दिग्गजाने, सूर्य एवढ्या अंतरावरून चुंबकीय वादळे उठवू शकत नाही, असा निर्वाळा रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून दिला. त्यांचे गणित बरोबर होते, गृहीतक चुकले होते. सूर्याचा चुंबकीय प्रभाव सर्व दिशांना पसरत येतो असे त्यांनी धरले. सूर्यापासून पदार्थच फेकला जात असेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. १९०४ मध्ये एडवर्ड माउंडर यांनी, अनेक वादळे सुमारे २७ दिवसांच्या अंतराने पुन्हा येतात, हे आकडेवारीने दाखवले. हा काळ म्हणजे पृथ्वीवरून दिसणारी सूर्याची एक फेरी, कॅरिंग्टन यांनी मोजलेली.

मुंबईत हा वारसा नानाभाई मूस यांनी सांभाळला. कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. मुंबईत विजेवरची ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने सुया बिघडणार, हे ओळखून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. नोंदींची मालिका खंडित होऊ नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करण्यात आली. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या नोंदींचे मूस यांनी केलेले संकलन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. अलिबागची मोजणी आजही सुरू आहे.

या साऱ्याचा आपल्या रोजच्या आयुष्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्यांना १९७९ चा जुलै आठवतो, त्यांना स्कायलॅबची धास्तीही आठवत असेल. ही अमेरिकी अवकाश प्रयोगशाळा अपेक्षेआधी कोसळली, कारण त्या सौरचक्राचा जोर अंदाजापेक्षा अधिक निघाला. तापलेले ऊर्ध्व वातावरण फुगून वर सरकले आणि त्याच्या घर्षणाने स्कायलॅबला खाली खेचले. अखेर तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका साध्याच चुंबकीय वादळाने स्टारलिंकच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ गिळले. कारण तेच, ते ज्या उंचीवर होते, तेथील हवा दाट झाली होती. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला, तेव्हा सूर्याचा हा हात भारतापर्यंतही पोचतो हे पुन्हा दिसले.

आता सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर उपग्रहांचा पहारा आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेले भारताचे आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ पासून तेथेच आहे. लोट उसळल्याचे लगेच दिसते. परंतु त्यातील चुंबकक्षेत्राची दिशा, जिच्यावर वादळाची तीव्रता ठरते, ती लोट या पहारेकऱ्यांपर्यंत पोचल्यावरच नेमकी मोजता येते. तेव्हा पृथ्वीवरील यंत्रणांच्या हाती एका तासाहूनही कमी अवधी उरतो. १८५९ सारखे वादळ किती वर्षांनी येते, हे सांगण्यासाठी तर जुन्या नोंदींखेरीज आधार नाही.

कॅरिंग्टन यांची वही एका माणसाच्या पैशांवर, वेळेवर आणि प्रकृतीवर चालत होती. ती तिन्ही संपली आणि वही मिटली. कुलाब्याच्या वहीत माणसे बदलत गेली, जागाही बदलली, पण पान कोरे राहिले नाही. त्या दोन सप्टेंबरच्या दिवसांचा पुरा हिशेब लागायला मात्र दोन्ही वह्या लागल्या. रेडहिलच्या त्या निरीक्षकाला आपली पाच मिनिटे पुढे कशाच्या उपयोगी पडणार, हे ठाऊक नव्हते. कुलाब्यात सुईचा आकडा लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. दोघांनी वेळ पाहिली, आकडा लिहिला आणि ते पुढच्या नोंदीला लागले.